अक्काचा ठसा

"उलटं झालं की गं, चंदना! हृदय उजवीकडं आलं!"

इंगवले सरांनी प्रेसवरचं जाड ब्लँकेट मागं टाकलं, ओला कागद दोन कोपऱ्यांना धरून प्लेटवरून अलगद सोलला आणि सगळ्या वर्गाला दिसेल असा डोक्यावर धरला. कागदावर एक बाई उभी होती, गळ्यापासून ओटीपोटापर्यंत उघडलेली. तिचं हृदय तिच्या उजव्या छातीत होतं. पोटातून घेवड्याची वेल निघून फासळ्यांना वेटोळे घालत त्या हृदयापर्यंत चढली होती. वेलीच्या बुडाशी, डाव्या ओटीपोटात, एक शेंग होती, फुगलेली आणि लाल. खाली नाव होतं, त्रिशला.

"बघा रे, चंदनाबाईंनी नवीनच माणूस जन्माला घातला," सर म्हणाले आणि पोरं खिदळली.

ही विद्या ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जस्ताच्या पत्र्यावर तुम्ही जे डावीकडं काढता, ते कागदावर उजवीकडं उमटतं. म्हणून छापचित्र करणारा माणूस सगळं उलटं काढतो, अक्षरं तर आरशात बघून कोरतो. हे विसरण्याची चूक पहिल्या वर्षाची पोरं करतात. मी कोल्हापूरच्या त्या कलाशाळेत तिसऱ्या वर्षाला होते, आणि प्लेट घासण्यापासून शाई पुसण्यापर्यंत माझा हात सरांच्या खालोखाल चालायचा, हे तिथला शिपाईसुद्धा सांगायचा. आता मी स्वतः हे शिकवते. वर्गात कुणाचा ठसा उलटा आला तर मी हसत नाही, बाकीच्यांनाही हसू देत नाही. पोरं म्हणतात, मॅडमना यात काय एवढं?

"चूक नाही ती, सर," मी म्हटलं.

"मग काय आहे?"

"तसंच काढायचं होतं मला."

"हो का? बरं." सरांनी कागद टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला. सर वाईट माणूस नव्हते. स्वतःच्या डब्यातली भाकरी पोरांना द्यायचे. पण त्यांना एकदा कळलं की कळलं, मग समोरच्याला सांगायला काही उरायचंच नाही. "अगं, विसरायला होतं. लाजायचं काय त्यात? जुन्या युरोपातले मोठमोठे लोक चुकलेत. एकाचं शरीरशास्त्राचं पुस्तक दुसऱ्यानं चोरून छापायचं, तिसऱ्यानं दुसऱ्याचं. नक्कल करताना उलटं काढायचं विसरायचे आणि सगळ्या देशाचं हृदय उजवीकडं! मी दाखवलंय की तुम्हाला."

दाखवलं होतं. मुंबईच्या एका ग्रंथालयातून सरांनी जुन्या पुस्तकांच्या झेरॉक्स आणल्या होत्या, अर्धी शरीरशास्त्राची, अर्धी वनस्पतींची. कातडी काढलेला पुरुष डोंगरावर रेलून उभा, बाई बसलेली आणि तिचं पोट पाकळ्या उघडाव्यात तसं उघडलेलं. झाडांची चित्रं तर सुंदरच, मूळ, खोड, फूल, बी, सगळं एका कागदावर. त्यावरून प्रत्येकानं एक देह आणि एक झाड मिळून चित्र करायचं, अशी सरांची कल्पना. सगळे त्या चित्रांवर खूश होते. माझं मात्र डोकं फिरलं होतं. प्रत्येक झाडाखाली त्याचं नाव होतं, त्याच्या भाऊबंदांचं नाव होतं, शोधणाऱ्या साहेबाचंही नाव होतं. चिरलेल्या माणसांखाली काहीच नव्हतं. आमच्या शेताच्या बांधावरच्या तणालाही नाव आणि आईनं जन्म दिलेल्या बाईला नाही. म्हणून मी नाव घातलं होतं.

"सर, विसरले असते तर नाव उलटं आलं नसतं?" मी म्हटलं. "आणि ही वेल बघा. घेवडा काठीला एकाच बाजूनं वळतो. समोरून बघितलं तर डावीकडून उजवीकडं वर चढतो. हातानं उलटा गुंडाळला तर सुटतो आणि परत आपल्या वळणावर जातो. छापात वेल बरोबर आलीय. म्हणजे प्लेटवर मी ती उलटी काढली होती. सगळं लक्षात होतं मला."

"वेल कोण बघतंय, बाई? डॉक्टर बघणार आहेत हे. डॉक्टर! रविवारी त्यांच्या मंडळाच्या सभागृहात लागणार आहे. हृदय चुकलेलं चित्र लावलं तर वर्गाची अब्रू राहील का? आणि त्रिशला कशाला? महावीरांची माता ना ती? छान आहे, पण इथं काय संबंध?"

"आहे संबंध."

"पाहुणे कोण आहेत, ठाऊक आहे ना? डॉ. टाकवडेकर. एवढा मोठा माणूस."

"ठाऊक आहे."

सरांनी माझ्याकडं बघितलं. माझा आवाज चढला होता, हे मलाही ऐकू आलं. "नवी प्लेट कर," ते म्हणाले. "वेळ आहे अजून."

"करणार नाही, सर. लावायचं तर हेच लावा."

"हट्टी आहेस. जा आता, गाडी चुकेल तुझी. मी ठेवतो टिपकागदात. बघतो काय करता येतं ते."

मला वाटलं, सर विचार करतील आणि सोडून देतील. मी हात धुतले, शाई नखांतून निघाली नाही, तशीच शिरोळची गाडी पकडली.

त्रिशला माझी अक्का. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लहानपणी मी तिच्या अंगावर डोकं टाकून झोपायची तेव्हा तिची धडधड मला उजवीकडं ऐकू यायची. मला वाटायचं सगळ्यांचं तसंच असतं. अक्कालाही तसंच वाटायचं. कधी आजारी पडलीच नाही, कोण कशाला बघायला जाईल? अक्का म्हणजे दांडगी बाई. उसाच्या मोळ्या उचलायची, गावातल्या पोरांना शिव्या घालायची, माझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायची की डोळे ताणले जायचे.

तिचं लग्न ठरलं होतं, त्याच वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. डाव्या बाजूला, खाली. टाकवडेकरांचा दवाखाना आमच्या भागात नावाजलेला, लोक देवमाणूस म्हणायचे. अण्णा, आमचे वडील, तिला तिथं घेऊन गेले, सोबत मी. डॉक्टरांनी पोट दाबलं, उजवीकडं जास्त दाबलं. अक्का म्हणाली, "तिकडं न्हाई, इकडं." ते म्हणाले, "मला कळतं." एक्स-रेची फिल्म काढली. बघितली. गॅस आहे म्हणाले. मग मुलींच्या जातीला या वयात दुखतंच म्हणाले. लग्न ठरलंय कळल्यावर हसले आणि म्हणाले, "सासरची भीती पोटात शिरली असेल." औषध दिलं, घरी पाठवलं. परत नेलं तर परत तेच. अक्का ओरडायला लागली तेव्हा अण्णांनी भाड्याची गाडी करून तिला कोल्हापूरला आणलं. पोटात सगळा पू झाला होता. इथल्या सर्जननं ऑपरेशन केलं, बाहेर आला आणि अण्णांना विचारलं, "हिचे सगळे अवयव उलट्या बाजूला आहेत. हृदय, यकृत, अपेंडिक्स, सगळं. कुणी कधी बघितलं नाही? अपेंडिक्स डावीकडं फुटलं होतं." अण्णांना काही समजलं नाही. ते त्याला हात जोडत राहिले. अक्का दुसऱ्या दिवशी गेली.

मग काही वर्षांनी कलाशाळेच्या फळ्यावर प्रदर्शनाचं पत्रक लागलं आणि त्यात पाहुण्याचं नाव वाचलं. लोक म्हणतात तळपायाची आग मस्तकाला जाते. माझी गेली आणि तिथंच राहिली. त्या दिवशी मी पत्रा घासायला घेतला. मला भाषण द्यायचं नव्हतं, पोलिसांत जायचं नव्हतं. मला एवढंच पाहिजे होतं की त्या माणसानं अक्कासमोर उभं राहावं आणि तिचं हृदय कुठं आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. त्याला दवाखान्यात जे दिसलं नाही, ते चार लोकांत भिंतीवर दिसावं.

शनिवारी हे मी आईला सांगितलं. आमच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळं ती घाईघाईनं ताटं वाढत होती.

"काय करणार हैस तिथं जाऊन?" ती म्हणाली.

"काही नाही. चित्र लावणार."

"आणि त्येनं वळखलं न्हाई तर?"

"ओळखेल. डॉक्टर आहे की. उजवीकडलं हृदय बघून विचारेलच, हे असं का. मग सांगीन."

"गावातली माणसं त्येच्या पाया पडत्यात, चंदा. तुझा आण्णा अजून त्येच्याकडंच बीपीची गोळी घेतोय."

"घेऊ देत. मी नाही ना घेत."

आईनं माझ्या ताटात दही वाढलं, मग आणखी वाढलं. "तिला असं उघडं काढलंईस व्हय?" तिनं विचारलं.

"हो."

"अंगावर कायतरी घालायचं हुतंस गं."

मी जेवण टाकून उठले. तिच्यावर चिडले नव्हते, पण दुसऱ्या कुणावर चिडायला समोर कुणी नव्हतं. आई प्रदर्शनाला आली नाही.

रविवारी दुपारी मी सभागृहात पोचले तेव्हा फीत लावून झाली होती आणि खुर्च्या पुसणं चाललं होतं. उंच खिडक्यांतून पश्चिमेचं ऊन सगळ्या फरशीवर आलं होतं. मी भिंतीच्या कडेकडेनं चित्रं बघत गेले. वर्गातल्या शकील मुजावरचं फुप्फुस आणि पिंपळपान, कुणाचा मेंदू आणि अक्रोड, कुणाचा डोळा आणि कमळ. शेवटून दुसऱ्या जागी माझं चित्र होतं.

आधी मला कळेनाच काय झालंय. बाई तीच, वेल तीच. पण सगळं फिकट, धुतलेल्या छापील साडीसारखं. मग हृदय बघितलं. ते डावीकडं होतं. शेंग उजवीकडं होती. खालचं नाव नव्हतं. कागदाची खालची कड पट्टी लावून सरळ कापलेली होती.

"शकील!" मी ओरडले. खुर्च्या पुसणारा माणूस दचकला. शकील धावत आला. "काय आहे हे? कुणी केलं?"

"तुला सांगितलं न्हाई सरांनी?" तो म्हणाला. "तू गाडीला गेलीस न्हवं का, तेव्हाच. तुझा ठसा ओला होता. त्याच्यावर पातळ नेपाळी कागद घातला आणि परत प्रेसमधनं काढला. ओल्या शाईचा उलटा ठसा उतरला. उलट्याचं सुलट झालं. सर म्हणाले, पोरीचं काम वाया जायला नको."

"आणि नाव?"

"नाव उलटं उमटलं असणार की. म्हणून कापलं."

उलटा ठसा आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. आपलं काम तपासायला कारागीर काढतात, म्हणजे प्लेटवर आहे तसं चित्र समोर दिसतं. तपासून झालं की टाकून देतात. सरांनी तो फ्रेममध्ये घालून भिंतीवर टांगला होता. अक्काला त्यांनी सरळ केलं होतं.

सर दारापाशी गुच्छ मोजत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "माझा ठसा कुठाय?"

"आहे, आहे. वर्गात माझ्या कपाटात आहे. आधी श्वास घे. आवडला की नाही हा? जरा फिका आहे, पण जुन्या पुस्तकासारखा दिसतो. उलट बरंच झालं."

"कुणाला विचारून केलंत?"

"चंदना, आवाज खाली. तुझ्यासाठीच केलं मी. चार डॉक्टरांत तुझं हसं झालं असतं ते मला बघवलं नसतं. उद्या तूच म्हणशील, सर, बरं केलंत."

"वेल उलटी झाली, सर. जगातला घेवडा असा चढत नाही. आणि नाव कापलंत तुम्ही. तिचं नाव कापलंत!"

"कुणाचं नाव? अगं महावीरांच्या मातेचं नाव असं उघड्या बाईखाली..."

"माझ्या बहिणीचं नाव आहे ते!"

सरांच्या तोंडावरचा रंग उतरला. मला बहीण होती हेच त्यांना ठाऊक नव्हतं, मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "अगं मग बोलायचं ना," ते म्हणाले. तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि कुणीतरी हाक मारली, "पाहुणे आले!" सर माझ्याकडं आणि दाराकडं बघत राहिले, मग दाराकडं गेले. मी आधी कपाटाची किल्ली मागितली असती तरी उपयोग नव्हता. कलाशाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती.

डॉ. टाकवडेकर म्हातारे झाले होते. पांढरा सदरा, हातात काठी, चेहरा अगदी गोड. आत येताना त्यांनी खुर्च्या पुसणाऱ्या माणसालाही नमस्कार केला. फीत कापली, दोन वाक्यं बोलले, टाळ्या झाल्या. मग ते एकेक चित्र बघत निघाले, शेजारी सर, मागं मंडळाचे पाच-सहा डॉक्टर. मी माझ्या चित्राशेजारी भिंतीला पाठ लावून उभी होते. हात ओढणीत गुंडाळले होते.

माझ्या चित्रासमोर ते थांबले, बराच वेळ. सरांनी खाकरून म्हटलं, "ही आमची चंदना मगदूम. तिचं आहे हे."

"वा," डॉक्टर म्हणाले. "वा, मुली. किती अभ्यास केलायस! यकृत बघा, जठर बघा, जिथल्या तिथं. आणि अपेंडिक्सच्या जागी शेंग! अहो काय कल्पना आहे!" त्यांनी मागं वळून बाकीच्या डॉक्टरांना दाखवलं. "जागासुद्धा अचूक. आमच्या पोरांना परीक्षेत ही जागा सांगता येत नाही, आणि या मुलीनं वेलीनं दाखवली. शाबास."

शाबास म्हणाले ते मला. अपेंडिक्सच्या जागेसाठी! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की समोरचं सगळं पांढरं दिसायला लागलं. मी वळले आणि फ्रेम खिळ्यावरून काढली.

"चंदना!" सरांनी माझं मनगट धरलं. "ठेव ते. माझं ऐक, आत्ता नको."

"सर, हात सोडा."

त्यांनी सोडला. मी फ्रेम जमिनीवर पालथी ठेवली, मागचे चिमटे नखांनी उचकटले. एक नख तुटलं. पुठ्ठा काढला, कागद काढला. रिकामी फ्रेम सरांच्या हातात दिली आणि ते ती धरून उभे राहिले. मी कागद घेऊन खिडकीपाशी गेले, तो उलटा केला आणि काचेला लावला. पातळ नेपाळी कागद, मागनं ऊन. रेघ न् रेघ आरपार दिसली. अक्का परत अक्का झाली.

"डॉक्टर," मी म्हटलं. "हृदय कुठं आहे?"

ते काठी टेकत जवळ आले, डोळे बारीक करून बघितलं आणि हसले. "उजवीकडं दिसतंय. अगं, उलटा धरलायस तू कागद. मागची बाजू आहे ही." आणि त्यांनी हात पुढं केला, माझ्या हातातून कागद काढून घेतला, उलटवला आणि परत काचेला लावला. "हां. असं."

"त्या दिवशीही असंच केलंत तुम्ही!"

मी किंचाळले असेन. मागचा एक डॉक्टर पुढं झाला, त्याला शकीलनं अडवलं.

"कुठल्या दिवशी?" टाकवडेकरांनी विचारलं. अजून हसत होते, पण ते हसू नुसतं चेहऱ्यावर राहून गेलं होतं.

"लाइट गेली होती तुमच्या दवाखान्यात. तुम्ही फिल्म खिडकीला धरली, अशीच. बघितलीत आणि कंपाउंडरला शिवी दिलीत. म्हणालात, गाढवं फिल्म उलटी आणून देतात, डावं-उजवं अक्षर लावायचंही यांना जमत नाही. आणि फिल्म उलटवलीत. मी तिथं होते, डॉक्टर. मी बाकड्यावर बसले होते, अक्काचं डोकं माझ्या मांडीवर होतं. फिल्म उलटी नव्हती. माझी अक्का तशी होती!"

मी थांबू शकत नव्हते. इतकी वर्षं दातांमागं धरलेलं सगळं बाहेर येत होतं आणि त्यातलं निम्मं रडू होतं, पण मला रडू आलेलं कळत नव्हतं.

"ती सांगत होती इकडं दुखतंय. तुम्ही म्हणालात मला कळतं. सासरची भीती म्हणालात. सगळे हसले दवाखान्यात. अक्काला लाज वाटली, म्हणून ती घरी आल्यावर सोसवेनासं होईपर्यंत ओरडली नाही. कण्हली नाही सुद्धा. तुम्ही तिला उलटवलंत, आता या सरांनी उलटवलं. तुम्हाला सगळ्यांना तिला सरळच का करायचं असतं? ती बरोबर होती!"

"नाव काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"त्रिशला. त्रिशला बाबगोंडा मगदूम. इथं लिहिलं होतं मी. कापलं ते."

"मगदूम," ते म्हणाले. "बाबगोंडा... तो येतो माझ्याकडं. त्यानं कधी..."

"ते काय बोलणार तुम्हाला? तुमच्या पाया पडतात ते."

"असं शरीर हजारोंत एखाद्याचं असतं," मागून कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं. "कुणाच्याही लक्षात..."

"त्या एखाद्याचंच पोट दुखत होतं!" मी त्याच्याकडं न बघता म्हटलं.

टाकवडेकरांनी काठी भिंतीला टेकवली. ती घसरून पडली, कुणी उचलली नाही. त्यांनी काचेवरचा कागद दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं फाडतील, आणि फाडला असता तर मी त्यांच्या अंगावर गेले असते. त्यांनी तो सावकाश फिरवला आणि मी लावला होता तसा लावला, हृदय उजवीकडं. मग रोग्याच्या पोटावर ठेवतात तशी बोटं त्यांनी कागदावर ठेवली. सवयीनं बोटं आधी उजवीकडं गेली. तिथं काही नव्हतं. मग ती हळूहळू डावीकडं सरकली आणि लाल शेंगेवर येऊन थांबली.

"इथं..." ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "इथं दुखत होतं का तिला?"

"आत्ता विचारताय?" मी म्हटलं.